वर्गात कांजिण्या : शाळेने काय करावे?

वर्गात एका मुलाला कांजिण्या झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "कोणाला झाल्या?" कांदिवलीतल्या माझ्या दवाखान्यातही हाच प्रश्न असतो. खरे तर विचारायला हवे, "कधी उठल्या?" कारण कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत राहतो. आजार कळेपर्यंत शेजारच्या बाकावर लागण होऊन गेलेली असू शकते.

म्हणून त्या मुलाला घरी पाठवले की शाळेचे काम संपत नाही. त्याच दिवशी वर्गातल्या सर्व पालकांना चिठ्ठी जायला हवी. आजार कोणता, ते मूल शाळेत शेवटचे कधी आले होते, आणि संपर्कानंतर १० ते २१ दिवसांत पुरळ येऊ शकतो, एवढे पुरे. मुलाचे नाव मुळीच नको.

बहुतेक मुले आठवड्या-दोन आठवड्यांत बरी होतात. पण वर्गातल्या एखाद्या मुलावर केमोथेरपी चालू असते, कोणाची आई किंवा खुद्द बाई गरोदर असतात. त्यांना पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही घेतली नसेल, तर संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, संरक्षक इंजेक्शन देता येते. बदनामी नको म्हणून शाळा गप्प बसली तर हे दिवस निघून जातात. शाळेची ही भीती मला समजते, पटत मात्र नाही.

घरी किती दिवस? कांजिण्यांत सगळ्या खपल्या धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. आणि कृपा करून शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बंद करा. त्यापायी अंगात ताप असलेली मुले शाळेत येतात.

घरी तापासाठी ॲस्पिरिन देऊ नका. 'देवी आली' म्हणून डॉक्टरांना आणि शाळेला सांगायचे टाळू नका.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, गोवंडीत तिचा जोर जास्त होता. दगावलेल्या बऱ्याच मुलांचे लसीकरण पूर्ण नव्हते. प्रवेशाच्या वेळी शाळेने लसीचे कार्ड नुसते फाईलला न लावता वाचावे. गोवर-रुबेलाची लस महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. कांजिण्यांची लस मात्र बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते.