पिंपातील भाजीपाला : भरण व खत

सिल्लोड तालुक्यातील मिरची उत्पादकास नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे, हे सांगावे लागत नाही. परंतु अंगणातील पिंपात टोमॅटो किंवा वांगी लावताना पुष्कळदा शेतातील काळी माती भरली जाते व वर मूठभर युरिया टाकला जातो. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपतात, रोप मान टाकते आणि उन्हाळ्यात कष्टाने आणलेले पाणी वाया जाते.

शेतात पिकाची मुळे अन्नाच्या शोधात दूरवर जातात. पिंपात ती जाऊ शकत नाहीत. शिवाय वरचेवर दिलेल्या पाण्याबरोबर विरघळलेले नत्र तळाच्या छिद्रांवाटे निघून जाते. म्हणून पिंपातील झाडास अन्न थोडे, पण वारंवार द्यावे लागते.

भरण : केवळ काळी माती वापरू नये. ती भिजली की फुगते व मुळांना हवा मिळत नाही. सुकली की भेगाळते व पाणी भेगांतून सरळ खाली जाते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग जाड वाळू एकत्र करावी. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे होरपळतात व हुमणीचा उपद्रव होतो. प्रत्येक झाडास निदान २० लिटर माती मिळावी. २०० लिटरचे पिंप मधोमध आडवे कापल्यास प्रत्येक भागात तीन झाडे लावता येतात. तळास पाच-सहा छिद्रे पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात. कीटकनाशकाचे पिंप धुऊनही वापरू नये.

खत : लागणीनंतर तीन आठवड्यांनी १० लिटर पाण्यात २० ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत मिसळून दर आठवड्यास प्रत्येक झाडास एक लिटर द्रावण द्यावे. माती आधी ओली असावी. मातीवर पांढरा थर दिसल्यास क्षार साचले असे समजावे. खत थांबवून तळातून निचरा होईपर्यंत गोडे पाणी द्यावे. टोमॅटोचा तळ काळा पडल्यास खत वाढवू नये. पाणी अनियमित मिळाल्याने चुना फळापर्यंत पोहोचत नाही, हेच बहुधा त्याचे कारण असते. पाणी ठराविक वेळी द्यावे व मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक पिंप केवळ काळ्या मातीचे व दुसरे वरील मिश्रणाचे भरून शेजारी शेजारी ठेवावे. दोहोंतील झाडे पाहिल्यावर अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.