कॉलेज निवडताना

बारावीचे निकाल लागले की आमच्या युनियनच्या कचेरीत निराळीच गर्दी होते. एरवी बोनस नि फंडाची गाऱ्हाणी घेऊन येणारा यंत्रमाग कामगार मुलाचे गुणपत्रक घेऊन येतो आणि विचारतो, "अण्णा, अर्जात कुठल्या कॉलेजचं नाव वर घालू?" आम्ही स्वतः विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले तेवढीच आमची विद्या. तरी लोक विचारतात, म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरीच कॉलेजे पाहावी लागली.

अभियांत्रिकीसाठी सीईटीनंतर पसंतीक्रमाचा अर्ज भरावा लागतो. त्या वेळी घरोघर तीन आकडे पाहिले जातात: गेल्या वर्षी प्रवेश किती गुणांवर थांबला, फी किती, आणि नोकऱ्या किती जणांना लागल्या. हे आकडे पाहावेतच. परंतु आपले मूल तेथे चार वर्षे कोणाच्या शेजारी बसणार, कोणाबरोबर जेवणार, अडले तर कोणाला विचारणार, हे त्यांत कोठेच येत नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या मुलीला चांगले गुण पडले. एका मोठ्या शहरातील नामांकित कॉलेजचे नाव पहिले घाला, असे आम्हीच सांगितले. प्रवेश मिळाला, फीही माफ झाली, आणि दिवाळीला घरी आलेली मुलगी परत गेली नाही. तिला कोणी मारले नव्हते, शिवी दिली नव्हती. खिडकीवरचा कारकून रोज सर्वांदेखत "शिष्यवृत्तीवाले मागे थांबा" असे ओरडे. एकाच क्लासमधून आलेल्या मुलांनी प्रयोगांचे गट आधीच बांधून टाकले होते. कोणाचाही वाढदिवस आला की पाचशे रुपयांची वर्गणी. ती डबा जिन्यात बसून खाऊ लागली. बापाने एकच प्रश्न केला, "अण्णा, तुम्ही ते कॉलेज पाहिलं होतं का?" आम्ही पाहिले नव्हते.

तेव्हापासून कोणत्याही कॉलेजात गेलो की प्रथम पाण्याची जागा आणि जेवणाची जागा पाहतो. याला जुने कारण आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान. पण प्राध्यापकांच्या खोलीतील भांड्यातले पाणी त्याने पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अलीकडचे पाहावयाचे तर २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनालयातील काही टेबले शाकाहारींसाठी राखण्यात आली आणि निषेध म्हणून तेथे मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. या दोन गोष्टी एकाच मापाच्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र संस्थेत कोणाला घरच्यासारखे वाटते आणि कोणाला पाहुण्यासारखे, ते जेवणाच्या ठिकाणी लवकर उमगते.

कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी निरनिराळी वसतिगृहे उभी करविली. ती तशी नसती तर खेड्यातला मुलगा शहरात रात्र कोठे काढता? पुढे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधील एक विद्यार्थी गेला. परतल्यावर आंघोळ करून मगच जेवायला ये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. त्यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांचे, एका चुलीचे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

यातून आम्ही असे समजतो की, पहिल्या वर्षाच्या परक्या गावात आपल्या भागाची, आपल्या बोलीची चार मुले भेटणे वाईट नाही. त्यांचे मंडळ असले तर असू द्यावे. पुढे ती मुले इतरांत मिसळतात की तिसऱ्या वर्षीही त्याच कोपऱ्यात बसतात, एवढे पाहावे.

हे पाहण्यासाठी स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी सगळीच कॉलेजे गोड असतात. वर्ग चालू असताना, दुपारच्या सुटीत जावे. चहाचा भाव विचारावा. शिपायाशी दोन शब्द बोलावेत. कारखान्याची खरी हकीगत जशी फाटकाबाहेरच्या टपरीवर समजते, तशीच कॉलेजची. 'कमवा आणि शिका' योजना असल्यास तेथे काम करणाऱ्या मुलाला गाठून विचारावे, वर्गात हे सांगताना लाज वाटते का? रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत त्यासाठी समिती असावीच लागते. समितीची नावे फळ्यावर लावलेली असतात. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलाला विचारतो, यातल्या एकाला तरी तू ओळखतोस का? बहुतेक ठिकाणी तो हसतो. एका तालुक्याच्या कॉलेजात मुलाने लगेच बोट दाखविले, "त्या बाई, आत्ता चहा घेतायत त्या." ते कॉलेज आम्ही वहीत टिपून ठेवले.

नॅकसाठी कॉलेजने दिलेला अहवालही संस्थळावर वाचावयास मिळतो. मुली किती, राखीव जागांवरचे विद्यार्थी किती, ते त्यात सापडते. घरात इंग्रजी वाचणारे कोणी नसेल तर शेजारच्या शिक्षकाला विनवावे.

त्या मुलीने दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज भरला, तेव्हा तिचा बाप आणि आम्ही एसटीने चार कॉलेजे हिंडलो. पहिल्या तिन्हींची नावे तिने खाली ढकलली. चौथ्यात ती उपाहारगृहाच्या दाराशी घुटमळत असता एका अनोळखी मुलीने बाकावरची पिशवी उचलून जागा केली आणि "कुठल्या वर्षाला?" असे विचारले. त्या कॉलेजचा गुणांचा आकडा पहिल्या कॉलेजपेक्षा बराच खाली होता, आणि नातेवाइकांनी त्यावरून बापाला बोल लावले. ती तेथेच शिकली.

अर्ज भरण्यास थोडेच दिवस मिळतात. तेव्हा ही फेरी निकालाच्या आधीच उरकावी, आणि मुलाला बरोबर न्यावे.