एवढासा संगणक फिल्म कशी दाखवतो?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पण कोडमागची फिल्म बहुधा इंटरनेटवरून येते. ते रडतखडत चालत असेल तर? फिल्म आधीच उतरवून घ्यावी आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरून टीव्हीवर दाखवावी.

२०१२ च्या पहिल्या पायचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बेताचाच. मग हे त्याला जमते कसे?

थोडे गणित करू या. एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर साडेपंधरा कोटी बाइट होतात! म्हणून फिल्म दाबून साठवतात. लागोपाठच्या चित्रांत भिंत तीच, फळा तोच. हलतो फक्त शिक्षकांचा हात. मुख्यतः बदल तेवढा नोंदवला की सेकंदाला सहा-सात लाख बाइट पुरतात.

दाखवताना मात्र पूर्ण चित्र पुन्हा उभे करावे लागते. हे काम चिपमधले वेगळे मंडल करते. एच.२६४ पद्धतीने दाबलेली फिल्म उलगडण्यासाठीच ते बनवलेले असल्याने थोड्या विजेत काम भागते. कोडी हे मोफत सॉफ्टवेअर फिल्मची यादी दाखवते आणि निवडलेल्या फाइलमधली माहिती मंडलाकडे सोपवते. मंडलाला न कळणारी फाइल दिली, की भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळते. २०२३ च्या पाय ५ मध्ये एच.२६४ चे मंडल नाही. तिथे प्रोसेसरच तेवढा समर्थ आहे.

आपल्याकडच्या एखाद्या फिल्मच्या फाइलचे बाइट तिच्या सेकंदांनी भागून पाहा. ती किती पट दाबली आहे, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्या.