बिनतारी राउटर आणि घरभर संगीत
२००४ साली ॲपल कंपनीने आणलेला एअरपोर्ट एक्सप्रेस हा थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारा छोटा राउटर, म्हणजे घरातील उपकरणांना तारेविना जोडणारे यंत्र, इंटरनेट तर पुरवीच, शिवाय संगणकावरील गाणी बिनतारी स्वीकारून, त्यांच्या अंकरूप माहितीचे ध्वनिसंकेतात रूपांतर करून जुन्या ॲम्प्लिफायरलाही देत असे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट माहिती पुरत असल्याने वेग सहसा कमी पडत नाही. अडथळा येतो तो लहरींच्या वाटेत. अमरावती-अकोल्याकडील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि उन्हाळ्यात अपरिहार्य असलेला, पत्र्याचा व पाण्याने भरलेला कूलर २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना क्षीण करतात, कारण धातू त्या परतवतो आणि पाणी शोषून घेते. म्हणून राउटर कूलरच्या आड न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवणे इष्ट. मग माजघरात बसलेल्या वृद्धांनाही तुकडोजी महाराजांची भजने अखंड ऐकता येतात, आणि ही सोय फार मोलाची आहे. ध्वनी तुटू नये म्हणून असे यंत्र थोडी माहिती आधीच साठवून ठेवते व त्यामुळे तो किंचित उशिरा उमटतो. भजनाला त्याची बाधा नसली, तरी दूरचित्रवाणीच्या आवाजासाठी तारेची जोडणीच अधिक योग्य ठरते.