अंदाज आणि मोजमाप : बेळगाव परिसरातील एका आरोग्य-संशोधनाची ओळख



ज्या शाळेत मी अक्षर आणि आकडा दोन्ही गिरवले, त्या शाळेने आपल्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी माझी आठवण ठेवली, याबद्दल मी प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. मी वक्ता नव्हे. माझे सारे आयुष्य निपाणी आणि बेळगाव यांच्या मधल्या खेड्यांत रुग्ण तपासण्यात गेले. त्यामुळे ज्या विषयाची झळ मला प्रत्यक्ष लागली, त्याच विषयावर आज बोलणार आहे.

सर आम्हाला विज्ञान शिकवीत. एकदा त्यांनी तांब्यातले पाणी वर्गाच्या फरशीवर ओतले आणि ते किती असेल याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला सांगितला. मग तेवढेच पाणी मोजपात्रात घालून दाखवले. वर्गातला एकही आकडा खऱ्या आकड्याजवळ गेला नव्हता. काही मुले घाईघाईने आपला आकडा खोडू लागली. तेव्हा सर म्हणाले, "खोडू नका. तुमचा अंदाज आणि माप यांतला फरकच आज शिकायचा आहे." त्या वाक्याचा खरा अर्थ कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली.

दोन लुगडी

मी सीमेवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा नवा रुजू झालो होतो. एका पहाटे बैलगाडीतून एक बाळंतीण आली. विड्या वळणारी बाई. नववा महिना भरेपर्यंत तिच्या मांडीवरचे सूप खाली उतरले नव्हते. घरीच बाळंतपण झाले होते, मूल सुखरूप होते, वारही पडली होती. सासूने सांगितले, "थोडं अंगावरून जातंय." मी विचारले, "किती गेले?" ती म्हणाली, "दोन लुगडी भिजली." दोन लुगडी म्हणजे किती रक्त, हे तिला सांगता येत नव्हते आणि मलाही कळत नव्हते. कोल्हापूर चाळीस किलोमीटरांवर, बेळगाव त्याहून दूर. जीप मिळेपर्यंत उजाडले आणि ती बाई वाटेतच गेली. तिचे मूल वाचले. ते आज कोठे असेल हे मला ठाऊक नाही; पण त्या सासूचे उत्तर मी विसरलेलो नाही.

अशा मृत्यूमागचे कारण समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहू. दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मल्यावर वार सुटते आणि ती जेथे चिकटलेली असते तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्या बंद करण्याची निसर्गाची युक्ती मोठी नामी आहे. गर्भाशयाचे स्नायू आडवेतिडवे विणलेले असतात. ते घट्ट आकसले की मधून जाणाऱ्या वाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या मिटतात. स्नायू थकून सैल राहिले, तर रक्त थांबत नाही. प्रसूतीनंतर पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे यास रूढ व्याख्येने अतिस्राव म्हणतात, आणि हजाराच्या पुढे गेल्यास तीव्र अतिस्राव. धडधाकट स्त्री पाचशे मिलिलिटर सोसू शकते. परंतु जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, तिला तेवढे जाणेही जिवावर बेतू शकते. जगात आजही दर वर्षी हजारो स्त्रिया या एका कारणाने मृत्युमुखी पडतात.

गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. तथापि ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचायला प्रशिक्षित हात लागतो. जेथे दिवसातून आठ तास वीज नाही आणि बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत होते, तेथे हे औषध असून नसल्यासारखेच.

प्रश्न कसा मांडला गेला

या अडचणीवर आपल्याच जिल्ह्यात संशोधन झाले, हे पुष्कळांना माहीत नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डर्मन, डॉ. स्टेसी गेलर प्रभृतींच्या सहकार्याने ते हाती घेतले. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मुळात जठरातील व्रणावर वापरली जात असे. तिच्यामुळे गर्भाशय आकसते, ती स्वस्त आहे, तिला शीतपेटी लागत नाही आणि ती तोंडाने घेता येते. मग खेड्यातल्या नर्सबाईने बाळ जन्मताच ही गोळी बाळंतिणीला दिली, तर अतिस्राव टळेल काय? प्रश्न एका वाक्याचा होता. त्याचे उत्तर मिळवायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातील ग्रामीण भागातल्या १६२० स्त्रिया या अभ्यासात सहभागी झाल्या. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात झाली आणि ती करणाऱ्या होत्या २५ सहायक परिचारिका, म्हणजे आपण ज्यांना नर्सबाई म्हणतो त्या. ८१२ स्त्रियांना मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या मात्रेची गोळी मिळाली, ८०८ स्त्रियांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाला कोणती द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवाधीन ठरत असे. नर्सबाईलाही ते माहीत नसे आणि बाळंतिणीलाही. हे झाकून ठेवणे का आवश्यक असते, हे विद्यार्थी मित्रांनी नीट समजून घ्यावे. आपण दिलेल्या औषधाने गुण यावा असे प्रत्येक वैद्याला मनापासून वाटते, आणि त्या इच्छेने त्याची नजर नकळत झुकते. तो पक्षपात टाळण्यासाठीच ही व्यवस्था असते.

येथे कोणी विचारील, निम्म्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी देणे ही फसवणूक नव्हे काय? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर असे, की त्या वेळी खेड्यातल्या बाळंतपणात एरवी कोणतेच औषध मिळत नव्हते, गोळीचा तेथे उपयोग होतो की अपाय हे सिद्ध झालेले नव्हते, आणि सहभागी होणाऱ्या स्त्रीला हे सारे सांगून तिची संमती घेणे हा अशा संशोधनाचा पहिला नियम असतो. मात्र एकदा उत्तर मिळाले, की त्याच परिस्थितीत पुन्हा कोणा स्त्रीला औषधाविना ठेवण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. उत्तर मिळवून ते कपाटात ठेवले, तर त्या ८०८ स्त्रियांचा आपण अपराध केला असे होईल.

माप घेणारे कापड

आता मी सरांच्या तांब्याकडे वळतो. गोळीचा गुण ठरवायचा तर गेलेले रक्त मोजले पाहिजे. पण ते मोजायचे कसे? रक्त लुगड्यात मुरते, गोणपाटात जिरते, शेणाने सारवलेल्या जमिनीत शोषले जाते. संशोधकांनी यासाठी प्लॅस्टिकचे एक साधे कापड वापरले. बाळ जन्मल्यावर ते बाळंतिणीच्या खाली अंथरायचे. त्याच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती होत जाणारी पिशवी, आणि पिशवीवर मोजपात्रासारख्या खुणा. रक्त त्या पिशवीत उतरते आणि नर्सबाई खूण वाचून आकडा लिहिते.

हे माप आणि नजरेचा अंदाज यांची तुलना बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ स्त्रियांच्या बाबतीत स्वतंत्रपणे करण्यात आली आणि २००६ साली ती प्रसिद्ध झाली. नजरेने केलेल्या अंदाजांची सरासरी मोजलेल्या सरासरीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरली. अंदाज करणारी माणसे अनुभवी होती, त्यांचा कामात हयगयीचा प्रश्न नव्हता. माणसाचा डोळाच या कामाला अपुरा आहे. हे वाचले तेव्हा मला ती पहाट आठवली. मी त्या सासूला दोष देत होतो, पण तिच्या जागी मी असतो तरी फार वेगळे उत्तर देऊ शकलो नसतो.

गोळीच्या अभ्यासाचे निष्कर्ष त्याच वर्षी 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात आले. औषध नसलेली गोळी मिळालेल्या शंभर स्त्रियांमागे बारा जणींना अतिस्राव झाला. मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत हे प्रमाण ६.४ वर आले. तीव्र अतिस्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर उतरले. फरक शेकडा ५.६ चा. शंभराला ५.६ ने भागले की सुमारे अठरा येतात. म्हणजे अठरा बाळंतिणींना गोळी दिली की एकीचा अतिस्राव टळतो. औषधामुळे काहींना थंडी वाजली, ताप आला. तो त्रास तात्पुरता होता. एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. बाळ जन्मण्यापूर्वी ही गोळी मनाने घेतल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो, म्हणून ती जाणकाराच्या हातूनच घ्यावयाची आहे.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रसूतीनंतरचा अतिस्राव टाळण्यासाठी या गोळीचा समावेश केला. जेथे ऑक्सिटोसिन मिळू शकत नाही वा सुरक्षितपणे वापरता येत नाही तेथे ती द्यावी, असा तिचा आशय आहे. आपल्या खेड्यांतल्या नर्सबायांनी दिव्याच्या उजेडात लिहिलेल्या आकड्यांचा त्या निर्णयात वाटा आहे.

पुढची वाट

त्यानंतरच्या वर्षांत परिस्थिती बरीच पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशातील ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१ मध्ये ते प्रमाण ८८.६ टक्के झाले. लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. हे श्रेय एका गोळीचे नव्हे. आशा कार्यकर्त्या, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या, मुलींचे शिक्षण अशा अनेकांचे ते आहे.

परंतु दवाखान्यात पोहोचले म्हणजे रक्त मोजले जातेच असे नाही. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ऐंशी रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथेही खुणांचे तसेच कापड वापरले गेले आणि अतिस्राव दिसताच सर्व उपचार एकाच वेळी सुरू करण्याची शिस्त लावली गेली. पूर्वीच्या पद्धतीत जवळजवळ निम्मे अतिस्राव लक्षातच येत नसत. नव्या पद्धतीत शंभरातले त्र्याण्णव ओळखले गेले. तीव्र अतिस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. औषधे तेथे आधीही होती. ती वेळेवर दिली जाऊ लागली, कारण रक्त किती गेले हे आता वेळेवर कळू लागले.

बेळगावचे कामही थांबलेले नाही. दिवस भरण्यापूर्वी होणारी बाळंतपणे ॲस्पिरिनच्या लहानशा रोजच्या मात्रेने टाळता येतील काय, हे सहा देशांतल्या सुमारे बारा हजार पहिलटकरणींत तपासले गेले. त्यातील भारतीय केंद्रे दोन, बेळगाव आणि नागपूर. २०२० साली उत्तर प्रसिद्ध झाले : मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. फरक लहान दिसतो. पण ज्या घरात सातव्या महिन्यात मूल जन्मते, त्या घराला विचारावे की दीड टक्का म्हणजे किती.

शाळेतील मुलामुलींना शेवटी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या प्रबंधाला प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता. पदवीसाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. आज आरोग्यशास्त्रातील डॉक्टरेटपर्यंतचा अभ्यास बेळगावातच करता येतो, आणि तो केवळ डॉक्टरांसाठी नाही. परिचर्या, फिजिओथेरपी, औषधनिर्माण या शाखांतल्यांनाही तो मार्ग मोकळा आहे. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने गेलेच, तर विषय परदेशी पुस्तकात शोधण्यापूर्वी आपल्या गल्लीत शोधा. विडी वळणाऱ्या बाईच्या अंगात रक्त किती असते, ते कशाने वाढते, लोहाच्या गोळ्या घरी नेल्यावर खाल्ल्या जातात की कोनाड्यात राहतात, हे प्रश्न अजून मोजमापाची वाट पाहत आहेत.

दुसरी गोष्ट अशी, की ज्याला मोजावयाचे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे. आपल्या सीमाभागात एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू. संमतीचा कागद बाईला कळलाच नाही तर तिचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. दोन-तीन भाषा सहज बोलणारी आमची मुले या कामाला जन्मतःच तयार झालेली आहेत, हे मी अनुभवाने सांगतो.

सरांनी त्या दिवशी आम्हाला आकडे खोडू दिले नाहीत. माझ्या वहीतला तो चुकलेला आकडा माझ्याजवळ अजून आहे. दोन लुगड्यांचा आकडा मात्र मला कधीच मिळाला नाही. तो पुढच्या बाळंतिणीच्या बाबतीत कोणाला तरी वेळेवर मिळावा, एवढीच माझी इच्छा आहे.