दोघांच्या दारी तिसरा

दूरसंचाराच्या व्यवहारातील उलाढाली दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत होतात व त्यांच्याशी आपला काही संबंध नाही, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी मारुंजीतील एखाद्या मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी अर्धा तास बसून पाहावे. हिंजवडीच्या कचेरीतून सुटलेला अभियंता, नव्या इमारतींवर काम करणारा परप्रांतीय गवंडी, चाकणच्या कारखान्यात पाळी करून आलेला मराठवाड्याचा कामगार आणि चार घरची धुणीभांडी उरकून परतणारी बाई, ही सर्व मंडळी त्याच एका फळीपुढे उभी राहतात. मागणी सर्वांची एकच, रिचार्जची. आणि निवडही जवळजवळ एकच, कारण ती दोन नावांत आटोपते. देशातील दर चार मोबाइल जोडण्यांपैकी सुमारे तीन जोडण्या जिओ आणि एअरटेल या दोघांकडे आहेत. व्होडाफोन-आयडिया आणि सरकारी बीएसएनएल यांची नावे दुकानाच्या पाटीवर आढळतात. गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडे क्वचितच वळते.

अशा या दोघांच्या बाजारात तिसऱ्याच्या आगमनाची द्वाही फिरली आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत महाराष्ट्र सरकारने अमेरिकेतील स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. असे करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे तार पोहोचली नाही आणि मनोरा उभा राहिला नाही तेथे, उपग्रहाच्या द्वारे इंटरनेट पोहोचवावयाचे, असा हा संकल्प आहे. संकल्प चांगला आहे. परंतु तिसऱ्याच्या आगमनाने दोघांची मिरास मोडेल, दर उतरतील आणि मारुंजीच्या दुकानातील त्या बाईचा खर्च हलका होईल, असे जे बोलले जात आहे, ते तपासून पाहिल्याखेरीज मान्य करता येणार नाही.

या प्रांताला दोघांचा बाजार नवा नाही. १९९० नंतरच्या दशकात मोबाइलचे परवाने निघाले तेव्हा प्रत्येक परिमंडळात दोनच खासगी कंपन्या असाव्यात असा सरकारचाच दंडक होता. मुंबईस मॅक्स टच आणि बीपीएल. पुण्यासह उर्वरित महाराष्ट्र व गोवा या परिमंडळास बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी, जिची पुढे आयडिया झाली. आरंभीच्या काळात एका मिनिटाच्या बोलण्यास सोळा रुपयांपर्यंत पडत. एवढेच नव्हे, तर दुसऱ्याने केलेला फोन उचलला तरी उचलणाऱ्यासच दंड भरावा लागे. नातेवाइकाचा फोन आला म्हणून आनंद मानावा की घड्याळ पाहावे, असा प्रश्न त्या काळी सुखवस्तू माणसासही पडे. पुढे सरकारने दार किलकिले केले. सरकारी कंपनीस मोबाइल सेवेत उतरू दिले, २००१ साली चौथ्या परवान्याचा लिलाव केला, आणि २००२ मध्ये एअरटेलने या परिमंडळात पाऊल टाकले. १ मे २००३ पासून येणारे फोन निःशुल्क झाले. आज ज्या एअरटेलला आपण प्रस्थापित म्हणतो ती त्या वेळी उपरी होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जिओचीही कथा तीच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी ती बाजारात उतरली आणि तिने कित्येक महिने सर्व काही फुकट वाटले. दोन-अडीचशे रुपयांस एक जीबी विकत घेणाऱ्या लोकांस ती पर्वणीच वाटली, आणि ती पर्वणी होतीही. खेड्यापाड्यांत जे इंटरनेट आज दिसते त्याचे बरेचसे श्रेय त्या आक्रमणास द्यावे लागेल. पण फुकटाच्या जेवणावळीनंतर पाने कोणी उचलली, हेही पाहिले पाहिजे. एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्स तिच्या मागोमाग गेली, टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलच्या हवाली केला, आणि एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या व्होडाफोन व आयडिया यांना २०१८ साली एकत्र यावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकित शुल्काचा निर्णय दिला आणि उरलीसुरली धुगधुगी काढून घेतली. दहा-बारा कंपन्यांच्या बाजाराचा असा दोघांचा बाजार झाला. पहिला दंडकाने झाला होता, दुसरा दमछाकीने झाला. गिऱ्हाइकास त्यातील फरक कळण्याचे कारण नाही.

त्याला कळतो तो दर. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बड्या कंपन्यांनी एकाच दिवशी आणि व्होडाफोन-आयडियाने त्याच्या दुसऱ्या दिवशी दर वाढविले. जिओची २८ दिवसांची सर्वांत स्वस्त योजना १५५ रुपयांची १८९ झाली, एअरटेलची १७९ ची १९९. आम्ही पूर्वी शाळेत गणित तपासण्याचे काम पुष्कळ केले असल्यामुळे जुन्या सवयीने भागाकार करून पाहिला. ३६५ ला २८ ने भागले असता तेरा येतात व बाकी एक उरते. म्हणजे पंचांगकर्त्यांनी वर्षाचे बारा महिने केले, कंपन्यांनी तेरा केले. आपल्याकडे अधिकमास सुमारे तीन वर्षांनी येतो आणि त्या निमित्ताने जावयास वाण मिळते. हा अधिकमास दरसाल येतो आणि जावई ठरलेलेच आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ साली निदान एक तरी योजना ३० दिवसांची ठेवा असे बजावले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलण्यापुरत्या योजना देणे बंधनकारक केले. ही आज्ञा काढावी लागली यातच बाजाराची प्रकृती दिसते. जेथे चुरस असते तेथे गिऱ्हाइकास काय हवे हे दुकानदाराला सरकारने सांगावे लागत नाही.

आता तिसऱ्याकडे वळू. स्टारलिंकने २०२१ साली परवान्यावाचूनच लोकांकडून ९९ डॉलर अनामत घेण्यास आरंभ केला होता. दूरसंचार विभागाने डोळे वटारल्यावर ती परत करावी लागली. पुढे वाद निघाला तो स्पेक्ट्रमचा. तो लिलावानेच द्यावा, असा जिओचा आग्रह होता. तो प्रशासकीय रीतीने द्यावयाचा, असे सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. दोन्ही मल्ल लंगोट कसून उभे आहेत असे वाटत असतानाच ११ मार्च २०२५ रोजी एअरटेलने आणि १२ मार्च रोजी जिओने त्याच स्टारलिंकशी करार केला. तिची सामग्री आता या दोघांच्या दुकानांतून विकली जावयाची! ज्याच्या येण्याने घरमालक भयभीत व्हावयाचा, त्यालाच घरमालकाने ओसरीवर बसवून घेतले. जून २०२५ मध्ये परवाना मिळाला तो या सोयरिकीनंतर. शिवाय उपग्रहाच्या क्षेत्रातही हे दोघे रिकामे बसलेले नाहीत. भारती समूहाचा वनवेबमध्ये वाटा आहे, जिओने एसईएस या कंपनीशी भागीदारी केली आहे, आणि त्यांचे परवाने स्टारलिंकच्या आधीचे आहेत.

यंत्राचा धर्मही विचारात घ्यावा. जुने दळणवळणाचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असत; स्टारलिंकचे हजारो उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून संदेशास लागणारा विलंब थोडा असतो. परंतु एका उपग्रहाची क्षमता त्याच्या खालच्या सर्व तबकड्यांत वाटली जाते. जेथे माणसे विरळ तेथे ही रीत फळते; जेथे एका इमारतीत शेकडो बिऱ्हाडे राहतात तेथे तिचा पाड लागणार नाही. मारुंजीतून निघून मुळशी ओलांडली व ताम्हिणीचा घाट लागला की हातातील फोन मुका होतो. त्या घाटातील वाडीवस्तीस ही तबकडी उपकारक ठरेल. मारुंजीचा कामगार मात्र त्याच मनोऱ्याखाली राहील. आणि किंमत? डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि यंत्राचे ३४,००० रुपये असे आकडे झळकले. ते चाचणीपुरते होते, खरे नव्हेत, असा खुलासा कंपनीने केला. खुलासा आम्ही मान्य करतो. तथापि खरा आकडा याच्या निम्मा निघाला तरी तो वाडीवस्तीच्या आवाक्यातला नव्हे.

तेव्हा दोघांच्या मिरासदारीवर उतारा हवा असेल तर तो आकाशात शोधण्यापूर्वी जमिनीवर शोधावा. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ३६,९५० कोटी रुपयांच्या थकबाकीचे समभाग करून घेतले आणि व्होडाफोन-आयडियातील आपला वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर नेला. बीएसएनएल तर सर्वस्वी सरकारचीच. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले, त्यात सुमारे ९७,५०० मनोरे आहेत. म्हणजे तिसऱ्या व चौथ्या दुकानाची किल्ली सरकारच्या कमरेलाच आहे. ती दुकाने नीट चालविली, हिंजवडी-मारुंजीच्या पट्ट्यात मनोरे व तारा वेळेवर दुरुस्त झाल्या, तर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची जी मुभा जानेवारी २०११ पासून देशभर आहे तिला काही अर्थ उरेल. आज ती मुभा एका दारातून निघून शेजारच्या दारात शिरण्यापुरती आहे.

आणि इरादापत्राविषयी राज्य सरकारला आमचे मागणे एवढेच, की त्यातील अटी विधिमंडळापुढे ठेवाव्यात. गडचिरोलीतील शाळेच्या छपरावर तबकडी बसेल, त्या दिवशी छायाचित्रे निघतील, भाषणे होतील. त्यानंतर दुसऱ्या वर्षाचे मासिक शुल्क शिक्षण खाते भरणार, ग्रामपंचायत भरणार, की मुख्याध्यापक शाळेच्या सादिलवारीतून भागविणार, हे त्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे.