रक्ताबाहेरचं पाणी

भाजल्यावर आलेला फोड फुटला की पिवळसर, किंचित चिकट पाणी वाहतं. तसलंच पाणी पेशी-पेशींमधल्या फटींत सदैव भरलेलं असतं. सत्तर किलोच्या माणसात ते सुमारे ११ लिटर असतं. रक्तातला प्लाझ्मा जेमतेम ३ लिटर! मग उभं राहिल्यावर हे सगळं पाणी पायांत का उतरत नाही? कारण ते मोकळं नसतंच. हायल्युरोनिक ॲसिडच्या लांबलचक रेणूंच्या जाळ्यात ते जेलीसारखं थिजून राहतं.

या पाण्यातली प्रथिनं मुख्यतः रक्तातूनच झिरपून आलेली असतात. अल्ब्युमिन हे त्यातलं मुख्य. त्याच्यासारख्या प्रथिनांच्या ओढीनं पाणी रक्तवाहिन्यांत टिकतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडलं. म्हणजे अल्ब्युमिननं आतच थांबायला हवं. प्रत्यक्षात शरीरातलं निम्म्याहून अधिक अल्ब्युमिन कोणत्याही क्षणी रक्ताबाहेर असतं, आणि तिथंही ते मेदाम्लं, हार्मोन, औषधं अंगावर घेऊन फिरत असतं.

बाहेर पडलं खरं, पण आलेल्या वाटेनं परतणं त्याला जवळजवळ अशक्य. त्यासाठी वेगळ्या नळ्या आहेत : लसीकावाहिन्या. त्यांची टोकं बंद, भिंतीतल्या पेशी एकमेकींवर किंचित चढलेल्या. बाहेर पाणी साचलं की त्या झडपांसारख्या उघडतात आणि पाणी, प्रथिनं, सगळं आत घेतात. रोज २ ते ३ लिटर द्रव असा रक्तात परत जातो. प्रथिनांची ही परतपाठवणी थांबली तर माणूस फार तर दिवसभर तगेल, असं शरीरक्रियाशास्त्राची पाठ्यपुस्तकं सांगतात. हृदयाइतकंच मोलाचं काम, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

जेवणातली चरबीही याच नळ्या धरते. वरणभातावरचं तूप आतड्यात पचतं, पण साखरेसारखं थेट यकृताकडे जात नाही. त्याचे बारीक थेंब प्रथिनांच्या वेष्टणात बांधले जातात. ते केशवाहिनीत शिरण्याच्या मानानं मोठे, म्हणून आतड्यातल्या लसीकावाहिन्यांत जातात, छातीतून वर चढतात आणि गळ्याच्या तळाशी, डाव्या बाजूला, शिरेत उतरतात.

चरबीची ही वाट नजरेस आली ती जुलै १६२२ मध्ये, इटलीत. शरीररचनाशास्त्रज्ञ गास्पारे आसेल्ली मित्रांना जिवंत कुत्र्यातले मज्जातंतू दाखवत होते. आतड्याच्या पडद्यावर पांढरे धागे दिसले. त्यांना वाटलं, हेही मज्जातंतूच. एक धागा कापला, तर दुधासारखा द्रव उसळला. कुत्र्याला नुकतंच खाऊ घातलेलं होतं, म्हणूनच ते दिसलं. उपाशी जनावरात या वाहिन्या पारदर्शक असतात, नजरेस पडतच नाहीत.

विदर्भातल्या हत्तीरोगाच्या काही रुग्णांना मात्र हे दूध लघवीत दिसतं. हत्तीरोगाचे जंत या नळ्या बिघडवतात, चरबीचा द्रव मूत्रमार्गात फुटतो, आणि तुपातेलाचं जेवण झालं की लघवी पांढरी होते.

रक्तवाहिनीच्या भिंतीतही पेशींमधलं हे पाणी आणि त्याचं जाळं आहे. तिथं कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण जाळ्याला चिकटले की कोलेस्टेरॉलचा थर साचू लागतो. एचडीएलचे इवले कण तिथं पोचून कोलेस्टेरॉल उचलतात. ते बाहेर नेण्याची वाटही लसीकावाहिन्यांमधून जाते, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१३ मध्ये दिसलं.